मुलें परदेशीं, आईबाप घरीं

आजच्या भाषणासाठीं जो विषय मी घेतला आहे, तो आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरांतलाच आहे. मुंबई, पुणें, नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांतील कोणत्याहि मध्यमवर्गीय वसाहतींत सायंकाळीं फेरी मारावी, तर बाकावर बसलेल्या वृद्धांपैकीं एखाद्याचा तरी मुलगा किंवा मुलगी परदेशीं असल्याचें कळतें. बोलणें मुलाच्या नोकरीपासून सुरू होतें, नातवंडांच्या छायाचित्रांवर येतें, आणि ‘यंदा येणार आहेत का?’ या प्रश्नापाशीं थांबतें. या प्रश्नाच्या पाठीमागें आणखी एक प्रश्न दडलेला असतो व तो सहसा कोणी उच्चारीत नाहीं. ‘आपल्याला कांहीं झालें, तर कोण येणार आणि किती वेळांत येणार?’ या न उच्चारलेल्या प्रश्नाविषयीं आज थोडें बोलावयाचें आहे.

मूल घर सोडून दूर जातें आणि आईबाप मागें राहतात, ही गोष्ट महाराष्ट्रास नवी नाहीं. कोंकणांतील कितीएक गांवें मुंबईच्या गिरण्यांवर आणि गोद्यांवर जगलीं. १८८० सालीं टपालखात्यानें मनिऑर्डरची सोय केली आणि मुलाचें कुशल पोस्टमनच्या पिशवींतून दरमहा घरीं येऊं लागलें. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्यासाठीं अमेरिकेस गेल्या. त्यांचा प्रवास आगबोटीचा, पत्र पोंचावयास आठवडेच्या आठवडे लागत. तथापि या जुन्या स्थलांतरांत एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती म्हणजे परत येणें. चाकरमानी गणपतीला व शिमग्याला गांवीं येई आणि हातपाय थकले कीं गांवच्या ओटीवर येऊन बसे. आनंदीबाईहि शिक्षण पुरें होतांच १८८६ सालीं परतल्या. दुर्दैवानें पुढच्याच वर्षीं त्यांचें आयुष्य संपलें, पण त्यांच्या जाण्यांतच परत येण्याचा संकल्प होता. गेल्या सहा दशकांत जें स्थलांतर झालें, त्यांतून हा संकल्प हळूहळू गळून पडला.

याचें एक मोठें कारण कायद्याचें आहे. १९६५ सालीं अमेरिकेनें आपला परदेशीयांच्या प्रवेशाचा कायदा बदलला व देशोदेशींच्या लोकांसाठीं ठरवून दिलेलीं जुनीं पक्षपाती प्रमाणें रद्द केलीं. त्यानंतर आपल्याकडील डॉक्टर, इंजिनियर आणि शास्त्रज्ञ तिकडे जाऊं लागले. १९९० च्या कायद्यानें तज्ज्ञ कामगारांसाठीं आजचा ‘एच-वन-बी’ हा परवाना निर्माण झाला व पुढें संगणकाच्या धंद्यानें हजारों तरुणांस तिकडे ओढून नेलें. १९८१ सालीं उत्तर अमेरिकेंतील महाराष्ट्रीय मंडळांचें एकत्रित ‘बृहन्महाराष्ट्र मंडळ’ स्थापन झालें, यावरूनच तेथील वस्ती किती स्थिरावली होती हें ध्यानांत येईल. ज्यांनीं मंडळ काढलें व मुलांसाठीं मराठी शाळा चालविल्या, त्यांनीं राहण्याचा निश्चय मनोमन केलेलाच होता.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. हीं मुलें आईबापांच्या इच्छेविरुद्ध गेलीं नाहींत. पहांटे उठवून अभ्यासास बसविणारे, वर्गांच्या फियांसाठीं दागिना मोडणारे, परदेशच्या विद्यापीठाचें पत्र आल्यावर पेढे वांटणारे हेच आईबाप होते. मुलानें दूर जावें ही त्यांचीच महत्त्वाकांक्षा होती, व ती पूर्णपणें सफळ झाली. म्हणूनच आज जें दुःख त्यांच्या वाट्यास आलें आहे, त्याबद्दल तक्रार करावयास त्यांना जागा उरलेली नाहीं. ज्या गोष्टीचा अभिमान बाळगावयाचा, तिचेंच दुःख करावयाचें, हा पेंच फार अवघड आहे. आणि अशा पेंचांत सांपडलेलीं माणसें बहुधा गप्प बसतात.

हें गप्प बसणें हाच माझ्या मतें या प्रश्नाचा गाभा आहे.

वरवर पाहतां असें वाटेल कीं, आजच्या काळीं गप्प बसण्याचें कारणच काय? एके काळीं निळें हवाई पत्र हाच एक दुवा होता. परदेशीं टेलिफोन करावयाचा तर ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहावी लागे आणि तीन मिनिटांत ‘ऐकूं येतें का?’ यापलीकडे फारसें बोलणें होत नसे. पुढें गल्लोगल्लीं टेलिफोनचीं बुथें झालीं. २००२ च्या एप्रिलपासून परदेशी टेलिफोनवरील एका कंपनीचा मक्ता संपला व इंटरनेटवरून बोलण्यास परवानगी मिळाली, आणि २०१६ अखेर व्हॉट्सॲपवर समोरासमोर पाहून बोलण्याची सोय झाली. आज सत्तर-ऐंशी वर्षांच्या आजीबाईहि कांचेवर बोट फिरवून शिकागोचें स्वयंपाकघर पाहूं शकतात. बोलणें वाढलें, हें खरें. परंतु एकमेकांची खरी हकीकत जितकी कळावयास हवी तितकी कळते काय?

अनुभव असा आहे कीं, पडद्यावर चेहरा दिसतो, पाय दिसत नाहींत. आई केस विंचरून, बरें पातळ नेसून, दिव्यासमोर खुर्ची ओढून बसते. तिच्या पायांवरची सूज, भिंतीचा आधार घेत चालणें, शिजवलेला भात दोन दिवस पुरविणें, यांतलें कांहींच त्या चौकटींत येत नाहीं. ‘कशी आहेस?’ असें विचारलें कीं ‘उत्तम आहे, माझी काळजी करूं नकोस’ असें ठरलेलें उत्तर येतें. वडील पडले तर आधीं फोन मुलाला जात नाहीं. शेजाऱ्याला जातो, आणि त्याला बजावलें जातें कीं, ‘त्याला सांगूं नका, उगीच तिकडे जिवाला घोर लागेल.’ दुसरीकडे मुलगाहि नोकरी गेल्याचें सांगत नाहीं. परवान्याची मुदत संपत आली आहे, घरांत पतिपत्नींत धुसफूस आहे, मूल शाळेंत एकाकी पडलें आहे, हें तो दडवतो. कारण ‘त्यांना या वयांत कशाला त्रास?’ अशा रीतीनें दोन्हीं बाजूंनीं केवळ प्रेमापोटीं सत्य लपविलें जातें आणि रोज बोलणारीं माणसें एकमेकांस अनोळखी होत जातात. मग एक दिवस मध्यरात्रीं इस्पितळांतून फोन येतो. न्यूयॉर्क व आपण यांत साडेनऊ-साडेदहा तासांचें अंतर, कॅलिफोर्नियाशीं तर साडेबारा-साडेतेरा तासांचें. येथील संकट बहुधा तेथील झोपेंत शिरतें. मुलगा धांवत येतो आणि त्याला दिसतें तें त्याच्या ओळखीचें घरच नसतें.

याठिकाणीं कोणी सुचवील कीं, आईबापांनींच तिकडे जाऊन राहावें. ही सूचना वाटते तितकी सोपी नाहीं. प्रथम कायदाच पाहा. अमेरिकेचा नागरिक झालेल्या, एकवीस वर्षें पूर्ण केलेल्या मुलाला आईबापांना कायमचें बोलावतां येतें. पण ज्याच्याजवळ केवळ कायम वास्तव्याचा परवाना आहे, त्याला तें करतां येत नाहीं. भारतांत जन्मलेल्या नोकरदारांना हा परवाना मिळण्यासच वर्षानुवर्षें रांगेंत काढावीं लागतात, व त्यापुढें नागरिकत्वास आणखी कांहीं वर्षें लागतात. तोंवर आईबाप पंचाहत्तरीला पोंचलेले असतात. तेथें गेल्यावरहि वृद्धांचा सरकारी वैद्यकीय विमा विकत घ्यावयाचा तर सामान्यतः सलग पांच वर्षें राहावें लागतें. ब्रिटननें जुलै २०१२ पासून नियम इतके कडक केले कीं, रोजच्या व्यवहारासाठींहि दुसऱ्याच्या मदतीवाचून चालत नाहीं, आणि ती मदत स्वदेशीं पैसे देऊनहि मिळत नाहीं, असें सिद्ध केल्यावांचून आईबापांस तेथें कायम राहतां येत नाहीं. कॅनडानें २०११ च्या अखेरीस आईबापांसाठीं दीर्घ मुदतीचा खास प्रवेशपरवाना सुरू केला. पण तोहि पाहुण्याचाच.

अरबी आखाताची तऱ्हा याहून निराळी. रत्नागिरी-रायगडकडील अनेक कुटुंबांतले पुरुष तेथें नोकरीस आहेत. तेथें सामान्यतः नोकरी संपली कीं वास्तव्य संपतें. त्यामुळें त्या कुटुंबांत जुन्या चाकरमान्याची रीत अजून पुष्कळशी टिकून आहे: दरमहा पैसे, सुटीची वाट, आणि शेवटीं परत येणें. विरह तेथेंहि आहेच, पण त्याला शेवट आहे. अमेरिकेंत गेलेल्या मुलाच्या आईबापांस तसा शेवट दिसत नाहीं.

कायद्याची अडचण दूर झाली तरी मनाची राहते. पुष्कळशीं जोडपीं सुनेच्या वा मुलीच्या बाळंतपणासाठीं सहा महिने तिकडे जाऊन आलेलीं असतात. त्यांना तेथलें घर आवडतें, स्वच्छता आवडते, नातवंडाला मांडीवर घेण्याचें सुख तर अवर्णनीय असतें. परंतु सकाळीं सर्व मंडळी कामावर गेलीं कीं दार लावलेल्या घरांत दिवस उगवतो आणि मावळतो. भाजी आणावयास जावें तर पायीं जाण्याजोगें दुकान नाहीं, मोटार चालवितां येत नाहीं, शेजारी कोण हें ठाऊक नाहीं. ज्या माणसानें चाळीस वर्षें शाळेंत हेडमास्तरकी केली, त्याला दुकानांत जाण्यासाठीं सुनेच्या सुटीची वाट पाहावी लागते. नातवंडें प्रेमळ असतात, पण आठव्या-दहाव्या वर्षीं त्यांची भाषा इंग्रजी झालेली असते. मग म्हातारीं माणसें नम्रपणें सांगतात, ‘आम्हांला आमचें घरच बरें.’ हें सांगण्यांत रुसवा नसतो. आपल्या ओळखीच्या गल्लींत, आपल्या नांवानें हांक मारणाऱ्या वाण्याच्या दुकानासमोर म्हातारपण काढावें, ही इच्छा पूर्णपणें रास्त आहे, आणि मुलांनीं ती आपल्या प्रेमाचा अव्हेर म्हणून समजूं नये.

मग मागें राहिलेल्यांचा सांभाळ कोण करतो? येथेंच एका व्यक्तीचा उल्लेख केला पाहिजे, जिची आठवण अशा चर्चांत फारशी निघत नाहीं. ती म्हणजे मागें राहिलेली बहीण, मागें राहिलेला धाकटा भाऊ, किंवा त्याची बायको. दांतांच्या डॉक्टरकडे नेणें, बँकेंत हयातीचा दाखला देणें, ब्यूरोतून येणाऱ्या मावशीची मनधरणी करणें, रात्रीं दोनदा उठणें, हीं कामें तिच्या वाट्यास येतात. परदेशचा भाऊ तीन आठवड्यांसाठीं येतो. त्याच्या आवडीचे पदार्थ होतात, त्याच्या येण्यानें आईच्या चेहऱ्यावर जें तेज येतें तें वर्षभर सेवा करणाऱ्या मुलीनें कधीं पाहिलेलें नसतें. आणि हाच भाऊ दोन दिवसांत औषधांची यादी तपासून ‘हें असें कां चाललें आहे?’ असें विचारतो. हा प्रकार आपल्याकडेच आहे असें नाहीं. १९९१ सालीं वृद्धांच्या आरोग्यास वाहिलेल्या एका अमेरिकन वैद्यकीय मासिकांत यावर निबंध प्रसिद्ध झाला व त्यांत या प्रकारास ‘कॅलिफोर्नियाहून आलेली कन्या’ असें नांव दिलें गेलें. दूरदेशीं राहणारी ही कन्या अखेरच्या क्षणीं येते आणि जवळच्यांनीं व डॉक्टरांनीं विचारपूर्वक ठरविलेलें सर्व मोडून ‘शक्य तें सगळें करा’ असा आग्रह धरते. गंमत अशी कीं, कॅलिफोर्नियांत तिलाच न्यूयॉर्कची कन्या म्हणतात. तिचा राग आईवर नसतो, डॉक्टरवरहि नसतो. इतकीं वर्षें आपण येथें नव्हतों, याची बोंच ती त्या चार दिवसांत भरून काढूं पाहते.

ही बोंच २०२० सालीं हजारों घरांनीं एकाच वेळीं अनुभवली. करोनाच्या सांथीमुळें मार्च २०२० मध्यें आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानें बंद झालीं. मे महिन्यापासून खास विमानें सुरू झालीं खरीं, पण नेहमीची वाहतूक पूर्ववत् व्हावयास २७ मार्च २०२२ उजाडला. त्या काळांत कितीएकांनीं आईबापांचे अंत्यसंस्कार पडद्यावर पाहिले. ज्याच्याजवळ पैसा होता, तिकीट होतें, सुटी होती, त्यालाहि येतां आलें नाहीं. त्या वर्षांनीं एक गोष्ट शिकविली ती ही कीं, ‘हांक मारतांच येऊन पोंचेन’ हें आश्वासन कोणीहि कोणाला देऊं शकत नाहीं. ज्या व्यवस्थेचा सगळा भार त्या एका आश्वासनावर आहे, ती व्यवस्थाच नव्हे.

मग व्यवस्था कशी असावी? कायद्याकडून थोडी मदत मिळते. २००७ सालीं आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा झाला. तो परदेशांतील भारतीय नागरिकांनाहि लागू आहे. परंतु त्यांत निर्वाहाची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे, आणि आपल्या श्रोत्यांपैकीं बहुतेकांची अडचण पैशाची नसतेच. पेन्शन असतें, घर स्वतःचें असतें. त्यांस अधिक उपयोगी आहे तें त्या कायद्याचें तेविसावें कलम. आपला सांभाळ होईल या अटीवर मालमत्ता लिहून दिली व सांभाळ झाला नाहीं, तर तें हस्तांतर रद्द ठरवून घेतां येतें. म्हणून अट लेखांत लिहिलेली असावी, केवळ मनांत असूं नये.

दुसरी सोय याहून महत्त्वाची आहे. ९ मार्च २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली. असाध्य स्थितींत केवळ यंत्रांच्या साह्यानें आपला जीव धरून ठेवूं नये, व आपण बोलण्याच्या स्थितींत नसलों तर आपल्या वतीनें निर्णय कोणीं घ्यावा, हें माणसाला शुद्धींत असतांना लिहून ठेवतां येतें. आरंभीं याची रीत फार किचकट होती. जानेवारी २०२३ मध्यें न्यायालयानें ती सोपी केली. आतां दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरीचें किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचें साक्षांकन घेतलें कीं पुरें. ज्यांचीं मुलें दूर आहेत, त्यांनीं हा कागद अवश्य करावा, आणि त्यांत जवळ राहणाऱ्या मुलीचें नांव असेल, तर परदेशच्या मुलालाहि तें आधींच कळवावें. इस्पितळाच्या दारांत भावाबहिणींचा होणारा कलह यानें पुष्कळसा टळेल. याशिवाय १४५६७ या क्रमांकावर वृद्धांसाठीं सरकारची विनामूल्य दूरध्वनि-सेवा २०२१ पासून देशभर चालूं आहे, तिचीहि नोंद टेलिफोनजवळ असूं द्यावी.

कांहीं मंडळी वृद्धनिवासाचा मार्ग पत्करतात. त्यांच्याकडे कींव करीत पाहण्याची आपली रीत आतां सोडून द्यावयास हवी. सारा लॅम्ब या मानवशास्त्रज्ञ बाईंनीं कलकत्त्यांतील वृद्धनिवासांचा व अमेरिकेंतील भारतीय वृद्धांचा अभ्यास करून २००९ सालीं एक ग्रंथ लिहिला. तेथील कित्येक वृद्ध आपल्या त्या जीवनाचा अर्थ वानप्रस्थाच्या जुन्या कल्पनेच्या आधारें लावतात, असें त्यांस आढळलें. मुलांनीं टाकलें म्हणून गेलेला आणि स्वतःच्या विचारानें गेलेला, यांत फार अंतर आहे.

पण कायदा आणि संस्था या साधनमात्र होत. मूळ गरज आहे ती आजवर पाळलेलें मौन सोडण्याची. मुलगा वर्षा-दोन वर्षांनीं घरीं येतो, तेव्हां एक दुपार पाहुण्यांना टाळून राखून ठेवावी. सर्व भावंडें हजर असावींत, दूर असेल तो पडद्यावर असावा. कागद कोठें आहेत, डॉक्टर कोण, रात्रीं प्रथम कोणाला उठवावयाचें, खर्च कोणीं करावयाचा, श्रम कोणाचे, आणि अखेरचें काय हवें, हें आईबापांच्या तोंडून सर्वांनीं एकत्र ऐकावें. अशुभ बोलूं नये असा आपला संकेत आहे. तो चांगल्या दिवसांसाठीं ठीक आहे. आजाराच्या दिवशीं तो घरांतील सर्वांस मुकें करून सोडतो.

परदेशच्या मुलांनीं आणखी दोन गोष्टी कराव्यात असें वाटतें. एक, जवळ राहणाऱ्या भावंडाला पैशाबरोबर सुटी द्यावी. वर्षांतून महिनाभर येऊन सर्व जबाबदारी आपल्या शिरावर घ्यावी आणि त्या बहिणीला घराबाहेर पाठवावें. दोन, फोनवर केवळ रक्तदाब व साखर विचारूं नये. वडिलांना सल्ला विचारावा, आईला लोणच्याचें प्रमाण विचारावें, स्वतःची अडचण सांगावी. ज्याच्याकडे कोणी अडचण घेऊन येत नाहीं, तो माणूस घरांत असून नसल्यासारखा होतो. वृद्धांना ही जाणीव आजारापेक्षांहि अधिक जाळते.

आणि आईबापांनीं काय करावें? मुलाच्या येण्याच्या तारखांवर आपलें पंचांग मांडूं नये. ग्रंथालय, भजनी मंडळ, फिरावयास जाणारा गट, शेजारच्या मुलांची शिकवणी, असा कांहींतरी स्वतःचा दिनक्रम असावा. त्यानें मुलाची उणीव भरून निघेल असें मी म्हणत नाहीं; ती निघत नाहीं. पण भेटीच्या तीन आठवड्यांवर सबंध वर्षाचें ओझें पडत नाहीं, व मुलगा येतो तेव्हां त्याला आपल्या आईबापांचें जिवंत, भरलेलें घर भेटतें. परत जातांना त्याचें पाऊलहि थोडें हलकें पडतें.

श्रोतेहो, हा प्रश्न सुटण्याजोगा आहे असें सांगून आपली फसवणूक मी करणार नाहीं. दोन देशांतील अंतर कोणत्याहि यंत्रानें नाहींसें होत नाहीं, आणि जो परतणार नाहीं त्याला परत आणण्याचा उपाय कोणापाशीं नाहीं. परंतु अंतर निराळें आणि अज्ञान निराळें. अंतर आपल्या हातीं नाहीं. अज्ञान मात्र आपणच, एकमेकांच्या काळजीपोटीं, रोज थोडें थोडें वाढवीत असतों. तेव्हां येत्या रविवारीं नेहमीच्या वेळीं फोन येईल आणि पलीकडून ‘आई, कशी आहेस?’ असा प्रश्न येईल, तेव्हां ‘उत्तम’ हा शब्द ओंठांवर येण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, आणि गुडघा दुखतो आहे, परवां जिन्यांत तोल गेला होता, हें सांगून टाकावें. मग त्यालाहि विचारावें, ‘तूं खरोखर कसा आहेस?’ आणि उत्तर येईपर्यंत घाई करूं नये.